टाळीचा दिवा

"लिले, ते बंद कर आधी! भूतबीत शिरलंय का त्यात?"

आई परातीत भाकरी थापत होती आणि शेजारी मी ठेवलेल्या सर्किटच्या पट्टीवरचा छोटा बल्ब पिसाळल्यासारखा करत होता. थप, लागला. थप, विझला. आईनं हात थांबवला की तोही थांबायचा. तिनं पुन्हा हात उचलला की मी डोळे मिटायचे.

"टाळी वाजवली की लागतो म्हणालीस ना? मी कुठं टाळी वाजवली?"

"तुझं थापणं त्याला टाळीच वाटतंय, आई."

"मग ह्याला डोकं नाही."

"दिव्याला कुठून असेल?"

"करणारीला तरी असावं की."

आमचं घर म्हणजे सोलापुरातली एक खोली आणि पुढची पडवी. बाबा टॉवेलच्या कारखान्यात, बहुतेक दुसऱ्या पाळीला. आई घरी बसून भाकरीच्या ऑर्डरी घ्यायची. दुपारी दोन-तीन डबेवाल्या बायकांच्या, आणि संध्याकाळी एका मेसच्या. मेसचं काम मोठं. मेसवाला दिवेलागणीला टोपली घेऊन दारात उभा राहायचा आणि भाकरी गार असली तर तोंड वाकडं करायचा. आईनं थापायचं आणि मी तव्यावर भाजायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. आठवीत माझा शाळा सुटल्यानंतरचा विज्ञान वर्ग सुरू झाला आणि ती घडी मोडली. आई एकटीच थापायची, एकटीच भाजायची, आणि मी घरी आले की एकटीच माझ्यावर ओरडायची.

त्या गुरुवारी मात्र ओरडली नाही. पीठ संपलं होतं. तरी तिनं रिकाम्या परातीत आणखी दोन थापा मारल्या. मला वाटलं, हाताचं पीठ झटकतेय. मग म्हणाली, "शनिवारी तुमचा कार्यक्रम ना? मी येणार. चार लोकांसमोर हे लागलं, तर जा तुझ्या वर्गाला, मी हूं की चूं करणार नाही. नाही लागलं, तर सोमवारपासून शाळा सुटली की सरळ घरी. तव्यासमोर. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. आईपुढं दुसरं काही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आता त्या वर्गाबद्दल सांगायला हवं. आमची शाळा महानगरपालिकेची, मुलींची. एक दिवस कुठल्याशा योजनेतून खोकी आली. सेल, वायरी, छोटे बल्ब, आणि मटाराएवढे ते काय काय भाग. शाळा सुटल्यावर मुलींना हे शिकवायचं, असा हुकूम. शिकवणार कोण? विज्ञानाच्या सरांना मतदारयाद्यांचं काम लागलं होतं. गणिताच्या बाईंची कंबर दुखत होती, ती शाळा सुटायच्या वेळेलाच जास्त दुखायची. राहिले होटकर सर. होटकर सर पीटीचे. त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं आणि ते विज्ञान शिकून परत आले, पण पीटी काही त्यांच्यातून गेली नाही.

"दक्ष!" ते वर्गात ओरडायचे. "सोल्डरिंगची काडी हाती घे! घाई नाही! टेकव, एक... दोन... उचल! विश्राम!"

गळ्यात शिट्टी कायम. वायरीचा सांधा नीट बसला की एक शिट्टी, हात भाजला की दोन. तुम्हाला हसू येईल, पण आज मी याच कामावर पोट भरते आणि अजून सांधा करताना मनातल्या मनात एक-दोन मोजते. अंबिका गुर्रम आणि मी, आम्ही दोघी त्यांच्या लाडक्या. अंबिकाला बोलायची खाज आणि मला उचकापाचक करायची, म्हणून आमची जोडी बरी जमायची. त्या वर्गातला तो तास-दीड तास मला इतका आवडायचा की सुट्टीच्या दिवशी मला करमायचं नाही. हे आईला सांगायची सोय नव्हती. आईला सुट्टीचा दिवसच नव्हता.

टाळीचा दिवा हा आमचा सगळ्यांत मोठा पराक्रम. एक टाळी वाजवली की लागायचा, दुसरी वाजवली की विझायचा. पट्टीवर एक बारका स्क्रू होता. एका बाजूला फिरवला की दिव्याचे कान तिखट व्हायचे, दुसऱ्या बाजूला फिरवला की तो बहिरा व्हायचा. आम्ही त्याला कानाचा स्क्रू म्हणायचो.

आमच्या मुख्याध्यापिका माळगे बाईंनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. माळगे बाईंचा जीव कार्यक्रमात. शाळेत नवा खडू आला तरी त्याचं उद्घाटन करतील अशी बाई.

"शिक्षण समितीचे सभापती येणार आहेत," त्या म्हणाल्या. "आपण समई पेटवायचीच नाही. समईच्या टोकाला हा बल्ब बसवायचा. साहेबांनी टाळी वाजवायची आणि दीपप्रज्वलन! असं सोलापुरात कुणी केलेलं नाही."

खरंच कुणी केलं नव्हतं. का केलं नव्हतं ते शुक्रवारी तालमीत कळलं.

पट्टी स्टेजवरच्या टेबलावर, वर मखमली कापड, मध्ये पितळी समई, समईत आमचा बल्ब. होटकर सर साहेब झाले. अंबिका सूत्रसंचालक. "मी माननीय साहेबांना विनंती करते की त्यांनी टाळी वाजवून दीपप्रज्वलन करावं!" सरांनी एक कडक टाळी वाजवली. दिवा लागला. इतका सुंदर लागला की समोर बसलेल्या सगळ्या पोरींनी आनंदानं टाळ्या वाजवल्या.

दिवा विझला.

"अगं बाई!" माळगे बाई उठून उभ्याच राहिल्या. "प्रज्वलन झालेला दिवा विझतो का कधी? अशुभ दिसतं ते!"

सरांनी पुन्हा लावला. पुन्हा टाळ्या, पुन्हा काळोख. आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे सत्कार, आणि सत्कार म्हणजे टाळ्या. हार घातला की टाळ्या, शाल दिली की टाळ्या, नारळ दिला की टाळ्या. आणि आम्ही टाळीनं विझणारा दिवा नेमका तिथंच नेऊन ठेवला होता.

"एकदा लागला की वायर काढून टाकू का?" सरांनी विचारलं.

"वायर काढली तर विझेल की हो," मी म्हणाले.

"मग प्रज्वलनच नको, नुसतं दाखवू..."

"पत्रिका छापून झाल्या आहेत," माळगे बाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. मग त्यांना युक्ती सुचली. "पावसाची टाळी!"

पावसाची टाळी आमच्या शाळेतल्या सगळ्या पोरींना पाठ. आधी तळहातावर एक बोट वाजवायचं, मग दोन, मग तीन, असं वाढवत पूर्ण पंजा. आधी भुरभुर आणि मग धो धो. बाईंनी फर्मान काढलं की उद्या सर्वांनी पावसाची टाळी वाजवायची, पण फक्त एका बोटाची. पुढं जायचं नाही. आणि सरांची शिट्टी उद्या कार्यालयाच्या कपाटात.

"शिट्टी?" सरांचा हात गळ्याशी गेला.

"शिट्टीनंसुद्धा विझतो तो. काल बघितलं मी."

त्या दिवशी घरी यायला मला उशीर झाला. परात धुऊन पालथी घातलेली होती. एकटीनं सगळं उरकलं असणार. मला इतकं वाईट वाटलं की मी मान खाली घालून जेवले आणि आईनं काही विचारायच्या आत झोपल्याचं सोंग घेतलं.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. सभापती साहेब आले ते एकटे आले नाहीत, त्यांच्यामागं दहा-बारा कार्यकर्ते आले. या कार्यकर्त्यांचा विचार कुणी केला नव्हता. त्यांना पावसाची टाळी कोण शिकवणार? त्यांचा तर टाळ्या वाजवणं हाच हातखंडा.

मी टेबलामागं उभी होते. शेवटच्या रांगेमागं दाराला टेकून आई उभी दिसली. दुपारच्या भाकरी उरकून तशीच आलेली, पदर खोचलेला, मनगटापर्यंत पीठ. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हाताची घडी घातली.

"सर्वप्रथम पुष्पहार!" अंबिका म्हणाली. साहेबांच्या गळ्यात हार पडला. पोरींनी शिस्तीत एकेक बोट वाजवलं, भुरभुर भुरभुर. कार्यकर्त्यांनी मात्र कडाडून टाळ्या दिल्या. समईतला दिवा प्रज्वलनाच्या आधीच फटाफट लागला, विझला, लागला.

साहेबांनी दचकून समईकडं बघितलं, मग पोरींकडं. "बाई, पोरी अशा काय वाजवायल्यात? दुपारी जेवल्या नाहीत का?"

"शिस्त आहे साहेब, शिस्त," माळगे बाई घामाघूम होऊन म्हणाल्या.

शाल. टाळ्या. विझला. नारळ. टाळ्या. लागला. एक कार्यकर्ता दुसऱ्याला म्हणाला, "आपल्या साहेबांचा मान बघ की बे, दिवासुद्धा डोळे मिचकावतोय." मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी सरपटलं. होटकर सर होते. टेबलाचं मखमली कापड वर करून, पेचकस दातात धरून ते खालून आले होते.

"लीला, कानाचा स्क्रू फिरव. त्याला बहिरा कर. लगेच!"

"सर, फार फिरवला तर..."

"दक्ष!" ते कुजबुजले. मी बाजूला झाले. त्यांनी हात वर घालून स्क्रू फिरवला. पीटीच्या माणसाचा हात तो, दोरखंड ओढायची सवय. कट्ट असा आवाज आला आणि दिवा विझला. सरांनी मूठ उघडून मला दाखवली. मुठीत स्क्रूचं टोपण होतं.

"आणि आता तो क्षण!" अंबिकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. "माननीय साहेब टाळी वाजवून दीपप्रज्वलन करतील!"

साहेबांनी बाह्या मागं सारल्या आणि टाळी वाजवली. दिवा विझलेलाच. पुन्हा वाजवली. पुन्हा. दिवा ठार बहिरा झाला होता.

"तू वाजव, बाळ," साहेब मला म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मी वाजवली. जीव खाऊन वाजवली. तळहात लाल झाले, कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं. सरांचा हात गळ्याशी गेला आणि रिकामाच परत आला. शिट्टी कार्यालयात होती. मग सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं, कार्यकर्तेही, पोरींनी पाची बोटं लावली, तरी तो ढिम्म.

"राहू द्या," साहेब घड्याळात बघत म्हणाले. "बल्ब काढा, वाती घाला. काडेपेटी आहे ना कुणाकडं?"

शिपाई काडेपेटी आणायला धावला. मी आईकडं बघितलं. तिला काही करायचीच गरज नव्हती. चार लोकांसमोर दिवा लागला नव्हता, तिची अट तिच्या बाजूनं पुरी झाली होती. सोमवारपासून मी तव्यासमोर. मला त्या क्षणी तव्याचा इतका राग आला की सांगता येत नाही.

आई घडी सोडून चालायला लागली. रांगांच्या मधून, सरळ, कुणाला वाट न विचारता.

"अहो, अहो, तुम्ही कुठं?" माळगे बाई आडव्या आल्या.

"हिची आई. जरा सरा की बाई." ती स्टेजवर चढली आणि काडी ओढायला निघालेल्या शिपायाला म्हणाली, "थांब रे. विस्तव नको लावू." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कुठं ठेवलंयस ते डबडं? टेबलावरच ना?"

"होय. पण आई, तो बहिरा झालाय. ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे काय? माझं कसं ऐकत नाही?"

आणि तिनं समईच्या शेजारी, मखमली कापडावर, उघड्या पंजानं थाप मारली. टाळी नव्हे. भाकरीची थाप. सगळं टेबल हादरलं आणि टेबलाबरोबर पट्टीही.

दिवा लागला.

पोरींनी सवयीनं एकेक बोट उचललं, मग अंबिका माइकवर ओरडली, "अगं वाजवा गं सगळ्या!" आणि सभागृह दणाणलं. भुरभुर गेली, धो धो झालं. माळगे बाईंनी भीतीनं समईकडं बघितलं. पण दिवा आता बहिरा होता. टाळ्यांना भीक घालत नव्हता. भाषणं झाली, आभार झाले, राष्ट्रगीत झालं, दिवा जसाच्या तसा.

"ताई, तुम्हाला कसं जमलं हे?" साहेबांनी विचारलं.

"मला काय जमायचंय? दिवा पोरीनं केलाय. मी नुसतं थापटलं. ते तर रोज करते." मग तिला कापडावर उमटलेला पिठाचा पंजा दिसला. "बाई, हे कापड द्या माझ्याकडं, धुऊन पाठवते."

माळगे बाईंनी ते दिलंही. कार्यक्रमाच्या आनंदात नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही, की सुचूनही त्यांनी म्हटलं नाही, कोण जाणे. होटकर सर मात्र कार्यालयात पळाले आणि शिट्टी गळ्यात घालूनच परत आले. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा मागून एक लांबलचक शिट्टी ऐकू आली.

वाटेत मी बल्बसकट पट्टी छातीशी धरून चालत होते. शेवटी मीच म्हणाले, "लागला."

"बघितलं की मी. डोळे आहेत मला."

"पण तू थाप मारलीस म्हणून लागला. मग अटीत बसतं का ते?"

"अट माझी. तू कशाला वकिली करायलीस?"

"म्हणजे जाऊ वर्गाला?"

"आधी घरी चल. उशीर बघ किती व्हायलाय."

घराजवळ आलो तशी मी पाय उचलले. दिवेलागण व्हायला आली होती. मेसवाला टोपली घेऊन दारात बसला असणार, आज एकही भाकरी तयार नाही, आता आईला बोलणी खावी लागणार, आणि तीही माझ्यामुळं. पण पडवीत कुणीच नव्हतं.

"येऊन गेला वाटतं," मी म्हणाले. "आता गं? उद्या ओरडेल तो."

"कोण?"

"मेसवाला."

आईनं कुलूप काढलं. मखमली कापड बादलीत टाकलं. परात ओढली आणि खाली बसली.

"तो येत नाही आता. सांगितलं त्याला, रातच्या भाकरी दुसरीकडं बघ म्हणून. दुपारचे डबे पुरे आपल्याला. दोन्ही हातांनी दोन्ही कामं नाही होत मला."

"आज सांगितलंस? कधी? तू तर माझ्याबरोबरच..."

"आज कशाला? परवा सांगितलं. गुरुवारी."

शुक्रवारची ती पालथी परात माझ्या डोळ्यांसमोर आली. एकटीनं उरकली नव्हती तिनं. थापायला काही नव्हतंच.

"गुरुवारी? अगं, मग ती अट?"

"अट घातली नसती, तर शुक्रवारी अंधार पडेपर्यंत खपली असतीस? आज नाही लागत म्हणून ठेवून दिलं असतंस कोनाड्यात. तुझ्या सगळ्या उद्योगांची धूळ मीच पुसते."

"आणि आज लागला नसता तर?"

आईनं पिठात पाणी घातलं. मळायला लागली. माझ्याकडं बघितलंही नाही.

"गुरुवारी माझ्यासमोर लागला होता की."

मला हुंदका फुटला. सभागृहात आवरून धरलेलं सगळं तिथं, पिठाच्या डब्याशेजारी, बाहेर आलं. आईनं दोन-तीन वेळा "काय झालं आता रडायला?" विचारलं, आणि मग विचारायचं सोडून दिलं. मी नाक पुसलं, पट्टी घेतली आणि परातीला अगदी खेटून ठेवली.

आईनं गोळा परातीत ठेवला आणि पहिली थाप मारली. दिवा लागला. दुसरी मारली, विझला. आम्हा तिघांच्या भाकऱ्या होईपर्यंत तो तसाच लागत आणि विझत राहिला, आणि आई काही बंद कर म्हणाली नाही.